फाटकाजवळची खडी

"ही खडी सगळीच काढायची म्हंता?" शिकलगार मिस्त्रींनी विचारलं. फाटकातून आत आल्यापासून ते तीनचार वेळा खाली वाकले होते आणि मूठभर खडी उचलून परत सोडून दिली होती.

"सगळी," मी म्हणाले.

"अगदी सगळी नको," पोर्चमधल्या खुर्चीतून आप्पा म्हणाले. "कडेकडेनं राहू दे थोडी."

"सगळी," मी पुन्हा म्हणाले, आणि गणिताच्या तासाला मुलींकडे बघते तसं आप्पांकडे बघितलं. त्या बघण्यानं आमची आठवी ब सुद्धा गप्प बसायची. आप्पांवर काहीच परिणाम झाला नाही. ते फाटकाकडे तोंड करून शांत बसून राहिले.

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. मे महिना होता, मला शाळेची सुट्टी होती आणि मी कोल्हापूरहून गडहिंग्लजला आले होते ती याच कामासाठी. गावाबाहेर आजरा रस्त्याला लागून आमचं घर. आप्पा मोजणी खात्यात होते. सबंध नोकरी तालुक्यातल्या जमिनी साखळीनं मोजण्यात गेली, आणि साखळी जवळ नसेल तेव्हा पावलांनी. घर बांधलं तेव्हा फाटकापासून पोर्चच्या पायरीपर्यंत त्यांनी स्वतः उभं राहून काळ्या दगडाची खडी पसरून घेतली होती. आई गेल्यावर ते तिथं एकटेच राहत. सकाळी गिरजाबाई येऊन स्वयंपाक करून जायच्या, बस्स.

जानेवारीत आप्पा फाटकाजवळ पडले आणि उजवं मनगट मोडलं. खडीवरून पाय सरकला, असं त्यांनी सांगितलं. माझा धाकटा भाऊ जयवंत पुण्याहून आला. त्यानं प्लास्टर बघितलं, फाटकापर्यंत जाऊन खडी बघितली आणि परत येऊन आमच्यासमोर उभा राहिला.

"अक्का, आता दोनच गोष्टी," तो मला म्हणाला. "एक तर ही खडी काढून इथं सपाट काँक्रीट करायचं, नाही तर आप्पांनी पुण्याला यायचं. पुन्हा पडले तर मी विचारणार नाही. सरळ गाडीत घालून नेणार."

जयवंतचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर होता. आप्पा एकदा तिथं आठ दिवस राहून आले होते. तिथलं काय आवडलं नाही असं विचारल्यावर म्हणाले होते, "दार उघडलं की समोर दुसऱ्याचं दार." एवढंच. पण परत आल्यावर महिनाभर ते कुठंही गेले नाहीत, शेजारच्या लग्नालासुद्धा.

"काँक्रीट करा," आप्पा म्हणाले. कुणी आपलंच घर विकायला काढावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. मला ते हट्टीपण वाटलं. दोन ट्रॉल्या खडीसाठी माणसानं एवढं तोंड पाडावं, हे मला पटण्यासारखं नव्हतं.

तर मी ठेकेदार बघायला लागले. पहिला आला तो रंगीत फोटोंचं पुस्तक घेऊन. "मॅडम, तुम्ही फक्त डिझाइन सांगा," म्हणाला आणि पेरूच्या सावलीतून बाहेर आला नाही. दुसऱ्यानं फाटकातूनच नजर टाकून चार दिवसांत काम करून देतो म्हणून सांगितलं आणि परत तोंड दाखवलं नाही. तिसरे दस्तगीर शिकलगार. पन्नाशीचे, काटक, कानावर पेन्सिल. त्यांनी सोबत पारदर्शक नळी आणली होती. नळीत पाणी भरून एक टोक त्यांच्या माणसानं फाटकाशी धरलं, दुसरं त्यांनी स्वतः पायरीशी, आणि पातळी बघून त्यांनी मला विचारलं.

"पावसाचं पानी आता कुटं जातं?"

मला माहीत नव्हतं. तिथं मी लहानाची मोठी झाले होते, पण पाणी कुठं जातं हे कधी बघितलं नव्हतं.

"निम्मं खडीत जिरतं," आप्पा म्हणाले. "उरलेलं डाव्या बाजूच्या चरातून पेरूच्या बुडाला. आणि फाटक ते पायरी अठ्ठावीस पावलं आहेत. माझी."

शिकलगारांनी टेप लावली. त्रेसष्ट फूट भरलं.

"तुमचं पाऊल सव्वादोन फुटाचं," ते म्हणाले.

"चाळीस वर्षं तेवढंच आहे," आप्पा म्हणाले, आणि जानेवारीनंतर पहिल्यांदाच हसले. काम शिकलगारांना द्यायचं मी त्याच वेळी ठरवलं.

खडी काढू नये म्हणून आप्पांनी शेवटपर्यंत खटपट केली. पाणी जिरायचं थांबेल म्हणाले. उन्हाळ्यात काँक्रीट तापेल म्हणाले. शेवटी म्हणाले, "अगं, खडीवर मांजर आलं तरी कळतं. काँक्रीटवरून चोर आला तर?"

"चोर काय न्यायला येणार आप्पा, तुमचे जुने नकाशे?"

"न्यायला काही नसलं तरी कोण आलंय ते कळायला नको?"

मी हसण्यावारी नेलं. शिकलगार चरातलं गवत उपटत होते. ते हसले नाहीत.

काम सुरू झालं. शिकलगार, त्यांचा भाचा मौला आणि त्याची बायको रेश्मा, एवढीच माणसं. पहिल्या दोन दिवसांत खडी निघाली. खाली सहा इंच खोदून मुरूम पसरला, मोठे दगड बसवले, वरून धुमसानं ठोकून घेतलं. खडी टेम्पोनं न्यायची ठरली होती. बरीचशी गेली, पण एक ढीग मागच्या मोरीजवळ राहिला. मी दोनदा आठवण केली. "नेतो ताई," शिकलगार म्हणायचे आणि न्यायचे नाहीत.

तिसऱ्या दिवसापासून मला शिकलगारांची आणखी एक गंमत वाटायला लागली. हा माणूस आधी कमी बोलणारा होता, तो एकाएकी बडबड्या झाला. फाटकातून आत आला की मोठ्यांदा, "आप्पा, शिकलगार आलो बगा." जाताना, "आप्पा, निघालो." काम चालू असताना तर अखंड. "आप्पा, घमेलं उजव्या हाताला ठेवलंय. आप्पा, पायरीम्होरं फळी टाकलीया, दोन पावलं लांब." मी आतून ऐकत असे आणि मनात म्हणत असे, म्हाताऱ्याला बोलायला माणूस मिळालं, बरं झालं.

आप्पा मात्र दिवसेंदिवस चिडचिडे होत गेले. धूळ येते म्हणून पोर्चमध्ये बसेनात. बसले तरी कुणाची तरी चाहूल लागल्यासारखे एकसारखे मान वळवत. एकदा मी बाजारातून पिशवी घेऊन आले. दगडांवरून चालत पायरीपाशी पोचले, तर आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "रेश्मा, तेवढं फाटक लावून घे गं."

"आप्पा, मी आहे."

एवढ्यात पेरूच्या मागून शिकलगार ओरडले, "रेश्मा, ऐकू येतंय न्हवं? फाटक लाव म्हनत्यात." आणि रेश्मा खरोखरच कुठून तरी धावत येऊन फाटक लावायला गेली.

"तुला नव्हे, तिला म्हटलं," आप्पा म्हणाले.

मी पिशवी घेऊन आत गेले.

सोमवारी आणि मंगळवारी काँक्रीट झालं. मी शिकलगारांना बजावून सांगितलं होतं की आरशासारखं सपाट पाहिजे, जयवंत रविवारी बघायला येणार आहे. मंगळवारी संध्याकाळी मी बाहेर येऊन बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. दोन्ही कडांना लाल ठोकळे नीट ओळीत बसवले होते, ते ठीक. पण मधून दोन हात रुंदीचा पट्टा खराट्यानं ओढून खरबरीत करून ठेवला होता, थेट पायरीपर्यंत. आणि फाटकाच्या आत आठ फूट लांबीची सबंध जागा रिकामीच. तिथं काँक्रीट घातलंच नव्हतं. आप्पा पडले होते नेमकी ती जागा.

"हे काय सोडलंय, मिस्त्री?"

"तितं खडी टाकायची," शिकलगार म्हणाले. "आपलीच, जुनी. मागं ठेवलीया."

"कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाई."

"मग कुणाला विचारून केलंत? हे काम मी दिलंय की तुम्ही मला दिलंय? ते म्हातारे तिथंच पडले, हात मोडला, त्यासाठी हा सगळा खटाटोप, आणि तुम्ही तिथंच खडी टाकताय? उद्या सकाळी ते काँक्रीट भरून घ्या. आणि मधल्या त्या रेघाही बुजवा."

मौला आणि रेश्मा भिजवलेली गोणपाटं काँक्रीटवर पसरत होते. शिकलगारांनी त्यांना हातानंच लांब जायची खूण केली आणि मला फाटकाबाहेर यायला सांगितलं.

"ताई, येक बोलू? रागाला येऊ नका."

"बोला."

"आप्पास्नी दिसत न्हाई."

"चष्मा आहे की त्यांना."

"चष्मा हाय. नजर न्हाई. उजेडात माणसाची सावली तेवढी कळती. सांज झाली की ते बी न्हाई."

मी म्हणाले, तुमचा काही तरी गैरसमज झालाय. आवाज माझाच होता, पण त्यात माझा नेहमीचा जोर नव्हता.

"खडी काडली त्याच दिवशी मी कडंचे ठोकळे दाखवाय घिऊन गेलतो," शिकलगार सांगू लागले. "येक लाल, येक करडा. आप्पांनी येक हातात घेतला, त्यावरनं बोटं फिरवली, आन म्हनाले, ह्यो लाल झ्याक हाय, ह्योच लावा. हातात करडा हुता."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, बरं, लाल लावतो."

मी कडेच्या ठोकळ्यांकडे बघितलं. लालच होते.

"मागनं त्यांनीच सांगितलं. म्हनाले, पोरांना कळलं तर मला पुण्याला नेत्यात, कुनाजवळ बोलू नका. मी म्हटलं, माज्या तोंडातनं न्हाई जायचं. आज गेलं. काय करू? आजवर त्यास्नी कोन आलं, कोन गेलं, समदं खडीवर कळत हुतं. पोस्टमन कोन, गिरजाबाई कोन, तुमी कोन. तुमी उद्या हितं काँक्रीट वतून घेनार. मग मातर ह्यो मानूस खरा आंधळा हुईल, ताई."

ते गेले. मी फाटकाशी बराच वेळ उभी होते. मग मी असं काही केलं, जे आजही आठवलं की मला माझीच लाज वाटते. मी चपला काढून हातात घेतल्या आणि काँक्रीटच्या कडेच्या मातीवरून, आवाज न करता, पोर्चकडे चालत गेले. गोणपाटांवरून ओघळलेल्या पाण्यानं तिथं सगळा चिखल झाला होता. सूर्य बुडाला होता, पण मला अजून सगळं नीट दिसत होतं. पायरी चढून मी आप्पांच्या समोर जाऊन उभी राहिले. आमच्यात दोन हातांचंही अंतर नव्हतं.

आप्पांचं तोंड माझ्याकडे होतं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही बदललं नाही.

शेजारच्या स्टुलावर थर्मास आणि कप होता. आप्पांनी हात पुढं करून आधी स्टुलाची कड चाचपली, मग कप. डाव्या हाताचं पहिलं बोट कपाच्या आत, वरच्या कडेशी वाकवून धरलं. उजव्या हातानं थर्मास उचलून चहा ओतला. चहा बोटाला लागताच ओतणं थांबवलं. मग ते बोट धोतराला पुसलं, कप दोन्ही हातांत धरला आणि हळूहळू प्यायला सुरुवात केली. थेंबसुद्धा सांडला नाही. हे त्यांनी किती वेळा केलं असेल ते त्या सफाईवरून कळत होतं.

मी तशीच मागं वळले, चिखलातून फाटकापर्यंत गेले, चपला घातल्या, फाटकाची कडी मुद्दाम वाजवली आणि मोठ्यांदा म्हणाले, "आप्पा, मी आले."

"ये. थर्मासमध्ये चहा आहे," आप्पा म्हणाले.

स्वयंपाकघरात जाऊन मी एकेक आठवत बसले. डोळ्यांत घालायचं औषध कपाटात होतं. "डोळे कोरडे पडतात गं," असं त्यांनी सांगितलं होतं. पेपर रोज गिरजाबाई मोठ्यानं वाचून दाखवायच्या, "तिची वाचायची सवय राहावी म्हणून." पावलं मोजत चालायचे, ती तर त्यांची जन्माची खोड, मोजणीदार माणूस दुसरं काय करणार, असं आम्ही सगळेच म्हणायचो आणि हसायचो. परीक्षेच्या गठ्ठ्यात कुणा मुलीचं उणे चिन्ह सुटलं तर ते मला झोपेतही दिसायचं. आणि इथं माझा बाप माझ्या डोळ्यांदेखत आंधळा झाला होता, ते मला दिसलं नव्हतं.

बुधवारी सकाळी जयवंतचा फोन आला. फोन बाहेरच्या खोलीत होता आणि आप्पा तिथंच खाटेवर बसले होते.

"झालं का काम?"

"झालं. थोडं राहिलंय."

"आप्पा काय म्हणतात? बरे आहेत ना? खरं सांग अक्का, एकटे राहू शकतील असं वाटतं तुला?"

आप्पा पायाशी बघत होते. म्हणजे त्यांची मान तिकडे होती. मोडलेल्या मनगटावरून ते दुसऱ्या हाताचा अंगठा फिरवत होते.

"बरे आहेत," मी म्हणाले. "रविवारी ये, तूच बघ."

फोन ठेवून मी बाहेर आले. शिकलगार रिकाम्या जागेशी फावडं धरून उभे होते.

"काय ताई? वतायचं?"

"नाही. खडी टाका."

त्यांनी मौलाला हाक मारली. दोघांनी मागचा ढीग घमेल्यांनी वाहून आणला आणि पसरला. मग शिकलगारांनी स्वतः त्यावरून तीनचार वेळा चालून बघितलं. एका कोपऱ्यात आवाज कमी येतो म्हणून आणखी दोन घमेली टाकली. आप्पा पोर्चमध्ये येऊन बसले होते. दुपारी जेवायला बोलावलं तरी तिथून उठेनात.

रविवारी जयवंत आला. काँक्रीटवर अजून गाडी न्यायची नव्हती, म्हणून गाडी बाहेर लावून तो चालत आत शिरला. मी पोर्चमध्ये आप्पांच्या शेजारी उभी होते. काही बोलायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. फाटक वाजलं. खडी वाजली. दोन पावलं, तीन पावलं.

"जयवंत, एकटाच आलास?" आप्पा म्हणाले. "सूनबाई नाही आली? आणि एवढं ओझं कशाला आणलंस? ठेव ते आधी खाली."

जयवंतच्या खांद्यावर आंब्यांची पेटी होती. त्यानं ती काँक्रीटवर ठेवली आणि कपाळ पुसलं. आप्पा उठले, पायरी उतरले आणि त्या खरबरीत पट्ट्यावरून थेट त्याच्याकडे चालत गेले. मी मनात मोजत होते. विसाव्या पावलाला ते थांबले आणि जयवंतच्या खांद्यासाठी त्यांनी हात पुढं केला. हात वीतभर चुकून दंडावर पडला, पण तिथून वर खांद्यावर सरकला. जयवंतला ते मायेनं फिरवलेल्या हातासारखं वाटलं असावं.

जेवण झाल्यावर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "अक्का, फाटकाजवळ खडी परत कशी?"

"पाणी जिरायला. नाही तर पावसात सगळा लोट रस्त्यावर जाईल. मिस्त्री म्हणाले."

"आणि आप्पा तिथं पुन्हा घसरले तर?"

"जाड थर नाही. घट्ट बसवलीय," मी म्हणाले. मी जयवंतशी खोटं बोलायची ती पहिली वेळ नव्हती, लहानपणी पुष्कळदा बोलले होते. पण एवढं तोलूनमापून कधी नाही.

तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. "म्हाताऱ्याची नजर अजून चांगली आहे गं," शेवटी म्हणाला. "फाटकात होतो तर पेटी दिसली त्यांना. राहू दे त्यांना इथंच. मीच उगाच घाई करत होतो."

संध्याकाळी तो पुण्याला गेला. त्यानंतर आप्पा त्या घरात पाच वर्षं राहिले आणि तिथंच, आपल्या खाटेवर, एका सकाळी गेले. जयवंतला मी अजूनही काही सांगितलेलं नाही. पण माझ्या मनात राहिली आहे ती त्या रविवारची संध्याकाळ.

गाडीचा आवाज लांब गेल्यावर मी पोर्चमध्ये आप्पांजवळ बसले. थर्मास स्टुलावर होता.

"जयवंतला सांगितलं नाहीस," आप्पा म्हणाले.

"काय?"

"मंगळवारी तू चपला काढून आली होतीस."

मी माझ्या पायांकडे बघितलं.

"काँक्रीटच्या पाण्यातून आली होतीस ना? फरशीवर ओला पाय वाजतो. आधी वाटलं रेश्मा असेल. पण रेश्मा अशी उभी राहणार नाही."

"म्हणजे मी समोर आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग चहा का ओतलात?"

आप्पांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "तू बघावंस म्हणून. दोन वर्षं सांगायचं म्हणतोय. तोंडानं जमेना."

मला रडू आलं. मी आवाज होऊ दिला नाही, पण तेही त्यांना कळलंच असणार. मग मी विचारलं, "डॉक्टर?"

"मिरजेला जाऊन आलो होतो, एकटाच, एसटीनं. काचबिंदू. गेलेलं परत येत नाही म्हणाले. उरलंय ते टिकवायला थेंब देतात."

"शिकलगारांना दुसऱ्या दिवशी कळलं, आप्पा. मला दोन वर्षं कळलं नाही."

"तू येतेस ती घाईत. आल्यापासून हे करा, ते करा. उत्तर द्यायला मान हलवली की तुझं काम भागतं," आप्पा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. मग एकाएकी हसले. "आणि खरं सांगू का? मी खडीवरून घसरलोच नव्हतो."

"मग?"

"दूधवाल्यानं फाटकात सायकल आडवी लावली होती. दिसली नाही, गेलो तिच्यावर. आता सायकल म्हटलं असतं तर जयवंतनं विचारलं असतं, एवढी मोठी सायकल दिसली नाही? म्हणून खडीचं नाव सांगितलं. तर तुम्ही दोघं खडीच काढायला निघालात."

रडता रडता मलाही हसू आलं. मग मी माझ्या नेहमीच्या आवाजात अटी घातल्या. गिरजाबाई संध्याकाळीसुद्धा येतील. मी दर शनिवारी येईन. थेंब कधी घातले ते रोज फोनवर सांगायचं. आणि पुन्हा पडलात तर जयवंतला मीच सांगेन. आप्पांनी सगळ्याला मान हलवली. या खेपेला मी नुसती मान बघितली नाही, "तोंडानं हो म्हणा," म्हणाले. ते हो म्हणाले.

"आता माझं एक काम कर," आप्पा म्हणाले. "फाटकापर्यंत जाऊन परत ये."

"कशाला?"

"शिकलगारचं काम तपासायचंय."

मी फाटकापर्यंत गेले, वळले आणि खडीवरून चालत परत आले. मुद्दाम हळू नाही, मुद्दाम जोरात नाही, रोज येते तशी. आप्पा मान थोडी तिरपी करून ऐकत होते. मी पायरीपाशी पोचले.

"हेमा," ते म्हणाले.

"माहीतच होतं की तुम्हाला."

"डाव्या चपलेची टाच पार गेलीय तुझी. घसरशील एखाद्या दिवशी. बदलून घे."

मी पायरीवर बसले आणि डावी चप्पल काढून उलटी करून बघितली. बाहेरच्या बाजूनं टाच आतल्या खिळ्यापर्यंत झिजली होती. वर्षभर तीच चप्पल माझ्या पायात होती.